तारीख नसलेलं पत्र

१५ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या अँटिट्रस्ट (स्पर्धा कायदा सांभाळणाऱ्या) विभागाने स्टोल्ट-निल्सन या जहाज कंपनीशी एक लेखी करार केला. करार पत्राच्या रूपात होता. तुम्ही स्वतः आमच्याकडे आलात, गुन्हा सांगितलात, साथीदारांविरुद्ध पुरावा देणार आहात; तेव्हा तुमच्यावर आणि सहकार्य करणाऱ्या तुमच्या अधिकाऱ्यांवर आम्ही खटला भरणार नाही, असा त्याचा आशय. अटींमध्ये एक अशी होती: बेकायदा प्रकार लक्षात आल्यावर कंपनीने त्यातला आपला सहभाग थांबवण्यासाठी तातडीची आणि परिणामकारक पावलं उचलली आहेत. पण प्रकार नेमका कधी लक्षात आला, ती तारीख पत्रात कुठेच नव्हती. त्या एका वाक्यावर जवळजवळ पाच वर्षं गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊन आलं.

कार्टेलवर, म्हणजे स्पर्धक कंपन्यांनी आपसात संगनमत करून दर ठरवण्यावर किंवा गिऱ्हाइकं वाटून घेण्यावर, मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात दंडाचे आकडे असतात. मला इथे दंडापेक्षा ते पत्र देणाऱ्या आणि नंतर मागे घेणाऱ्या वरिष्ठ सरकारी वकिलांचं काम बघायचं आहे. कारण हे काम बाहेरून दिसत नाही. कोर्टात उभा राहणारा वकील दिसतो. त्याची फाइल वाचून ‘हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कागद कुठे आहे’ असं विचारणारा साहेब दिसत नाही.

आधी धंदा समजून घेऊ. साधा तेलवाहू टँकर एकाच मालाने भरतो. पार्सल टँकरच्या पोटात मात्र वीस, तीस, कधी त्याहून जास्त स्वतंत्र टाक्या असतात. एका टाकीत अॅसिड, शेजारच्या टाकीत खाद्यतेल, पलीकडे अल्कोहोल. एका मालाचा थेंब दुसऱ्यात जाऊन चालत नाही, म्हणून पंप वेगळे, पाइप वेगळे, टाक्या आतून स्टेनलेस स्टीलच्या किंवा खास लेप दिलेल्या. माल उतरवला की टाकी धुवायची, तपासून घ्यायची, मगच पुढचा माल. अशी जहाजं बांधणं महाग आणि चालवणं कौशल्याचं, त्यामुळे जगभर हा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हातात. स्टोल्ट-निल्सन, नॉर्वेतली ओडफिएल आणि जो टँकर्स या त्यातल्या तीन. गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या रसायन कंपन्या. त्या दर फेरीला भाव करत बसत नाहीत. ठरावीक मुदतीचा वाहतुकीचा करार करतात, आणि तो संपत आला की सगळ्यांकडून दर मागवतात. गिऱ्हाइकं वाटून घ्यायची असतील तर हीच वेळ सोयीची. ‘हे गिऱ्हाईक तुझं, ते माझं, माझ्याकडे दर मागितला तर मी मुद्दाम चढा देतो.’ एवढं बोलणं पुरतं. कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यापुढे तीन दरपत्रकं येतात, त्याला वाटतं आपण स्पर्धा लावली.

अमेरिकेत हा फौजदारी गुन्हा आहे. १८९० च्या शर्मन कायद्याखाली कंपनीला दंड होतो आणि माणसं तुरुंगात जातात. आपल्याकडचा स्पर्धा आयोग अशाच संगनमताला दंड लावतो, पण कोणाला कोठडीत पाठवत नाही. हा फरक पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावा लागतो. कंपनीसाठी त्या वेळी कायद्यातली दंडाची कमाल मर्यादा १ कोटी डॉलर होती. मात्र दुसऱ्या एका कायद्यानुसार, संगनमतातून झालेल्या फायद्याच्या किंवा इतरांच्या नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंड मागता येतो, म्हणून प्रत्यक्षातले आकडे त्यापेक्षा बरेच मोठे होतात.

असा गुन्हा बंद खोलीत होतो आणि आतलं कोणी बोलल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. म्हणून विभागाने १० ऑगस्ट १९९३ रोजी कंपन्यांसाठी माफीचं नवं धोरण आणलं. सगळ्यात आधी येऊन जो सांगेल त्या एकाच कंपनीला पूर्ण माफी. दुसऱ्या क्रमांकाला काही नाही, फार तर दंडात सूट. त्याआधी वर्षाला सरासरी एखादा अर्ज यायचा, नंतर महिन्याला एकाहून जास्त यायला लागले. सगळी ताकद या शर्यतीत आहे. आपल्या शेजारच्या खुर्चीवरचा आपल्याआधी विभागाला फोन करेल, ही भीतीच कार्टेल फोडते.

हे प्रकरण विभागाच्या फिलाडेल्फियातल्या कार्यालयाने हाताळलं. रचना साधारण अशी असते: तपास करणारे आणि खटला चालवणारे वकील, त्यांच्यावर सहायक प्रमुख आणि प्रमुख, त्यांच्यावर वॉशिंग्टनला फौजदारी कारवाईची जबाबदारी असलेला उप सहायक अॅटर्नी जनरल, आणि सगळ्यात वर सहायक अॅटर्नी जनरल. कनिष्ठ वकिलाने कितीही चांगली केस बांधली तरी आरोपपत्र ग्रँड ज्युरीपुढे (ते मंजूर करायचं की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) ठेवण्याआधी शिफारशीची टिपणी वर जाते, प्रश्न घेऊन खाली येते, पुन्हा वर जाते. माफीची बोलणी तर वॉशिंग्टनलाच सुरू होतात. त्या वेळी उप सहायक अॅटर्नी जनरल होते जेम्स ग्रिफिन.

२००२ च्या सुरुवातीला स्टोल्टच्या मुख्य कायदा सल्लागाराला संशय आला की टँकर विभागाचे वरिष्ठ अधिकारी प्रतिस्पर्ध्यांशी गिऱ्हाइकं वाटून घेतात. त्याने ते वर सांगितलं. कंपनीने स्पर्धा कायदा पाळण्याचं सुधारित धोरण काढलं, आणि टँकर विभागाच्या प्रमुखाने प्रतिस्पर्ध्यांना भेटून हे धोरण त्यांच्या कानावर घातलं. मार्च २००२ मध्ये कायदा सल्लागाराने राजीनामा दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने कंपनीवर दावा लावला: कंपनीच्या बेकायदा वागण्यामुळे मला नोकरी सोडणं भाग पडलं. २२ नोव्हेंबर २००२ ला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमी आली.

बातमीनंतर कंपनीचे वकील विभागाकडे धावले. हे वकील स्वतः पूर्वी याच विभागात अगदी वरच्या पदावर काम केलेले होते. धोरण त्यांना तोंडपाठ, समोरच्या माणसांची सवय त्यांना माहीत. ग्रिफिन यांनी नेमका कळीचा प्रश्न त्यांना विचारला. कंपनी संगनमत थांबवत नव्हती म्हणून सल्लागाराने नोकरी सोडली असेल, तर माफी मिळणार नाही, हे त्यांनी बजावलं. वकिलांनी सांगितलं की कंपनीने पावलं उचलली आहेत.

इथे थोडं थांबू, कारण प्रकरणाचं मर्म या खोलीत आहे. अशा बैठकांत कंपनीचा वकील शक्यतो कागद देत नाही. तो तोंडी सांगतो, सरकारी वकील टिपून घेतात. कारणही साधं आहे: लेखी कबुली दिली तर नुकसानभरपाई मागणारी गिऱ्हाइकं उद्या तोच कागद दिवाणी कोर्टात मागतील, आणि अमेरिकेत अशी भरपाई नुकसानीच्या तिप्पट असते. म्हणून माफीचा पाया बोलण्यावर आणि छत कागदावर असतं. ग्रिफिन यांना तोंडी उत्तर मिळालं. पण ते पत्रात उतरलं नाही. ‘मार्च २००२ मध्ये लक्षात आलं आणि त्यानंतर सहभाग थांबला’ एवढं वाक्य घातलं असतं, तर ते खरं की खोटं यावर पुढे सरळ भांडता आलं असतं. त्याऐवजी नमुना पत्रातलं ठरलेलं ‘लक्षात आल्यावर’ तसंच राहिलं. शिवाय पत्रात नेहमीचं कलम होतं, की हे पत्र हाच पूर्ण करार आहे, आधीचं तोंडी किंवा लेखी बोलणं यापुढे गैरलागू. हे कलम सरकारी वकीलच सवयीने घालतात, समोरच्याने उद्या ‘तुम्ही असंही म्हणाला होतात’ म्हणू नये म्हणून. या वेळी ते घालणाऱ्याच्याच अंगावर आलं.

पत्र हातात आल्यावर स्टोल्टने कागद आणि साक्षीदार दिले. त्यांच्या आधारे उरलेल्या दोघांवर कारवाई झाली. ओडफिएलने गुन्हा कबूल केला, दंड ४ कोटी २५ लाख डॉलर. जो टँकर्सला १ कोटी ९५ लाख डॉलर. या दोन कंपन्यांचे अधिकारीही अमेरिकेत जाऊन काही महिन्यांची कैद भोगून आले.

दरम्यान विभागाला कळायला लागलं की मार्च २००२ नंतरही भेटीगाठी चालू होत्या. ओडफिएलच्या कबुलीत संगनमताचा काळच मुळी नोव्हेंबर २००२ पर्यंत आला. विभागाचा निष्कर्ष: नवं धोरण कागदावर राहिलं, सहभाग थांबलाच नाही, म्हणजे माफीची अट मोडली. ८ एप्रिल २००३ ला करार स्थगित केला. जूनमध्ये टँकर विभागाच्या प्रमुखावर फौजदारी तक्रार दाखल झाली. २ मार्च २००४ रोजी विभागाने करार रद्द केला. १९९३ चं धोरण आल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं.

विभागाचा राग मला समजतो, आणि त्यात खोटं काही नाही. माफी मागणाऱ्याने सगळं खरं सांगायचं, हा या धोरणाचा प्राण आहे. एखादा अर्धवट सांगून सुटला आणि त्याच्या साक्षीवर दुसरे तुरुंगात गेले, तर त्या दुसऱ्यांच्या वकिलांपुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं? वरच्या पदावरचा वकील फक्त समोरच्या केसचा विचार करू शकत नाही. पुढच्या पन्नास अर्जदारांना यातून काय कळेल, हे त्याला बघावं लागतं. पण तेच गणित उलटंही लागू होतं. सरकारने पत्र दिलं, पुरावा घेतला, त्यावर कोट्यवधी डॉलरचा दंड मिळवला, आणि मग पत्र मागे घेतलं, असं दिसलं तर पुढचा अर्जदार येईल कशाला? एकाच खुर्चीत बसून या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या असतात, आणि दोन्ही बाजूंनी धोका सारखाच खरा आहे.

स्टोल्ट कोर्टात गेली. १४ जानेवारी २००५ रोजी फिलाडेल्फियाच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश टिमथी सॅव्हेज यांनी विभागाला आरोपपत्र दाखल करायलाच मनाई केली. पत्रात तारीख नाही, बाहेरचं बोलणं पत्राने बाद केलेलं आहे, आणि सरकारला या व्यवहारातून जे हवं होतं ते मिळालं आहे, असा त्यांचा रोख होता. २३ मार्च २००६ ला तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो हुकूम फिरवला. खटला भरायचा की नाही हा कार्यकारी शाखेचा अधिकार. तो आधीच अडवता येत नाही. माफीच्या कराराचा आधार घ्यायचाच तर आरोपपत्र आल्यावर बचाव म्हणून घ्या. ६ सप्टेंबर २००६ ला आरोपपत्र दाखल झालं: कंपनी, तिच्या दोन उपकंपन्या आणि दोन वरिष्ठ अधिकारी. ३० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

मग खरी सुनावणी झाली, न्यायाधीश ब्रूस कॉफमन यांच्यापुढे. आता प्रश्न फक्त एवढाच उरला होता की स्टोल्टने करार मोडला का, आणि ते दाखवायचा भार सरकारवर होता. २००२ च्या हिवाळ्यात कोण काय बोललं, हे २००७ मध्ये साक्षीपुराव्याने ठरवायचं होतं. २९ नोव्हेंबर २००७ रोजी कॉफमन यांनी निकाल दिला: सरकारला करारभंग सिद्ध करता आला नाही, स्टोल्टने आपली बाजू पाळली, आरोपपत्र रद्द. विभागाने अपील केलं नाही.

हा निकाल वाचताना मला आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ३०८ आठवत राहिलं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४५ म्हणून आहे. माफीच्या साक्षीदाराने महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली किंवा खोटी साक्ष दिली, असं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं, तर त्याच्यावर मूळ गुन्ह्यासाठी खटला चालू शकतो. पण त्या खटल्यात तो ‘मी अट पाळली’ असा बचाव घेऊ शकतो, आणि अट पाळली नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. स्टोल्टबाबत अमेरिकी न्यायालयांनी दोन फेऱ्यांत जे ठरवलं, ते आपल्याकडे एका कलमात लिहून ठेवलेलं आहे. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे माफी देतो तो न्यायाधीश. सरकारी वकील विनंती करतो आणि भंग झाला तर दाखला देतो. अमेरिकेत माफी देणारा, अटी लिहिणारा, त्या मोडल्या का हे आधी ठरवणारा आणि मग खटला भरणारा, सगळं एकच कार्यालय. तिथल्या वरिष्ठ वकिलावर म्हणूनच जास्त ओझं येतं: त्याच्या आणि पत्राच्या मध्ये कोणी तिसरा नसतो. पत्र लिहिताना त्याने स्वतःच थोडं न्यायाधीश व्हावं लागतं. मी आत्ता जे ऐकतोय ते उद्या खोटं ठरलं, तर कोणत्या ओळीवर बोट ठेवून मी ते कोर्टाला दाखवणार आहे?

स्टोल्टच्या पत्रात अशी ओळ नव्हती. ग्रिफिन यांनी प्रश्न विचारला नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. तो अगदी बरोबर जागी विचारलेला प्रश्न होता. पण अशा बैठकीत विचारलेला प्रश्न आणि पत्रात लिहिलेली अट यांच्यामध्ये एक टायपिस्ट, एक जुना नमुना आणि घाई असते. घाई खरी होती: वर्तमानपत्रात बातमी आलेली, पुरावा हलण्याची भीती, दोन परदेशी कंपन्या सावध झालेल्या. तरीही साहेबाने कनिष्ठाला परत पाठवून ‘यात तारीख घाला’ म्हणायला अर्धा दिवस लागला असता. पर्यवेक्षण म्हणतात ते या अर्ध्या दिवसाला.

दुसरी चूक मला एप्रिल २००३ मध्ये दिसते. स्थगिती दिली, पण तोवर मिळालेल्या पुराव्याचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला आणि त्याच पुराव्याच्या जोरावर पुढच्या कबुल्या झाल्या. कोर्टाला दिसलं ते चित्र असं: सरकारने पीक कापून घरी आणलं आणि मग शेत नांगरणाऱ्याला सांगितलं की तुझा करार रद्द. विभागाच्या मनात तसं नसेलही. पण कागदांच्या तारखा ओळीने लावल्या की तेच दिसतं.

आणि यात ज्यांची बाजू कोणी फारशी मांडत नाही ते दुसऱ्या दोन कंपन्यांचे अधिकारी. स्टोल्ट आणि तिची माणसं सुटली तेव्हा ते आपापली शिक्षा केव्हाच संपवून बसले होते. त्यांचा गुन्हा खरा होता, कबुली खरी होती, म्हणून शिक्षेवर आक्षेप घेता येत नाही. तरी तीन कंपन्यांनी मिळून केलेल्या एका गुन्ह्यात कोण तुरुंगात जाणार हे शर्यतीत पहिलं कोण पोचलं यावर ठरतं, हे या धोरणाचं अवघड सत्य आहे. म्हणूनच पहिल्याकडून पूर्ण खरं काढून घेणं सरकारी वकिलाला टाळता येत नाही. दुसऱ्यांनी त्याची किंमत दिलेली असते.

जून २००४ मध्ये, म्हणजे वाद पेटलेला असतानाच, अमेरिकी संसदेने शर्मन कायद्यातल्या शिक्षा वाढवल्या: कंपनीला १० कोटी डॉलरपर्यंत दंड, व्यक्तीला १० वर्षांपर्यंत कैद. माफी मिळालेल्या कंपनीने पीडित गिऱ्हाइकांना समाधानकारक सहकार्य केलं तर तिप्पट भरपाईऐवजी फक्त तिच्या वाट्याचं प्रत्यक्ष नुकसान द्यावं लागेल, अशी सवलतही त्याच कायद्याने दिली. माफीचं पत्र त्यामुळे आणखी मौल्यवान झालं, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचं वजनही वाढलं.

नोव्हेंबर २००८ मध्ये विभागाने नमुना पत्र नव्याने लिहिलं. अर्जदाराने गुन्हा केल्याचं आता स्पष्ट मान्य करावं लागतं. अटी पूर्ण केल्याचा भार अर्जदारावर टाकला. करार रद्द करण्याआधी विभागाने लेखी सूचना द्यायची, वकिलांना भेटीची संधी द्यायची. आणि आरोपपत्र येईपर्यंत कंपनीने कोर्टात जायचं नाही, हेही अर्जदाराकडून आधीच मान्य करून घेतलं जातं. ‘लक्षात आलं’ म्हणजे काय, तेही विभागाने सांगून टाकलं: संचालक मंडळाला किंवा कंपनीच्या वकिलांना, मग ते कंपनीतले असोत की बाहेरचे, पहिल्यांदा माहिती मिळाली तो क्षण. स्टोल्टमध्ये ज्याला आधी संशय आला तो कंपनीचा स्वतःचा कायदा सल्लागारच होता. एप्रिल २०२२ मध्ये आणखी एक अट आली. फक्त थांबवलं एवढं पुरत नाही. लक्षात आल्यावर कंपनीने विभागाला तातडीने कळवलंही पाहिजे. स्टोल्टला ही अट असती, तर मार्च ते नोव्हेंबर २००२ हे आठ महिनेच तिच्या अर्जाच्या आड आले असते.